घरटी पाच गोवऱ्या

दिवस आषाढी पौर्णिमेचा, वार रविवार. रक्कम पाच हजार रुपये, पाचशेच्या दहा नोटा. जागा आमच्या गावचं बुद्धविहार. हजर माणसं पाच: पैसे देणारी माझी वहिनी, घेणारा मी, माझी बायको, वहिनीच्या शेजारची थोरली आत्या, आणि दाराजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर खिरीची वाटी घेऊन बसलेले आबा.

आबा गावातले मोठे शेतकरी, वरच्या आळीतले. पौर्णिमेची खीर खायला ते आमच्या विहारात येऊन बसतात, हे दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला उन्हात फिरू नको म्हणालो असतो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ वारला तेव्हापासून ती गावात एकटीच राहायची. मुलगा पुण्याला कंपनीत, मी परभणीला एका कचेरीत हिशेब विभागात. त्या दिवशी तिनं पदराची गाठ सोडली आणि नोटा माझ्या हातावर ठेवल्या.

"भावजी, हे गाडीभाडं. मी कुठंबी मेले तरी मला आपल्या गावच्या शेडात आणायचं. पोराच्या अंगावर खर्च नको, गावाच्या बी नको."

"काहीतरीच काय वहिनी," मी म्हणालो. "तुम्हाला काय होतंय?"

"मोजून घ्या."

मी मोजून घेतले. तिला पोटाचं दुखणं आहे हे मला माहीत होतं. किती आहे, ते फक्त तिला माहीत होतं.

थोरली आत्या म्हणाली, "पाच हजारात तर गाडीवाला तुला पुण्याहून बी आणील. एसी लावून."

"आत्या, तुमच्यासाठी मी माझी बैलगाडी सांगून ठेवतो," आबा म्हणाले.

"नको रं बाबा. तुझे बैल मधीच बसतेत. मी आपली चालत जाईन."

सगळे हसले, वहिनीसुद्धा. मी नोटा पाकिटाच्या आतल्या कप्प्यात वेगळ्या ठेवल्या. ज्या कामाचे पैसे त्याच कामाला, ही माझी नोकरीतली सवय, आणि घरातलीही.

ते शेड म्हणजे काय हे सांगायला पाहिजे, नाहीतर एका बाईनं जाळण्याच्या जागेसाठी पैसे का साठवावेत हे कळणार नाही.

आमचं गाव पूर्णा तालुक्यात, चुडावा स्टेशनच्या अलीकडं. गावाजवळ ओढा आहे आणि ओढ्याच्या अलीकडं स्मशानभूमीचं शेड. लोखंडी खांब, वर पत्रे, खाली सिमेंटचा ओटा. सरकारी पैशातून झालेलं, कागदावर सार्वजनिक. पण शेड झाल्यापासून तिथं वरच्या आळ्यांच्याच मयती जळत. आमच्या बौद्धवाड्याची जागा ओढ्याच्या काठाला, बाभळीत, उघड्यावर. पाटी कुणी लावलेली नव्हती. अडवलंही कुणी नव्हतं, कारण आमचं कुणी गेलंच नव्हतं. गेलं तर काय होईल हे दोन्हीकडच्यांना ठाऊक होतं.

माझा भाऊ गवंडी होता. त्या शेडाच्या ओट्यावर शेवटची थापी त्यानंच मारली होती. तो गेला श्रावणात, झडीच्या पावसात. आमच्यात बायका मयतीला जातात, दीक्षेनंतर पडलेली ही रीत. वहिनीही आली. सरणावर आम्ही आठ जण ताडपत्री धरून उभे होतो. जाळ धरला की ताडपत्री काढावी लागे, काढली की पाऊस. असं तीनदा झालं. शेवटी कुणाच्या तरी ट्रॅक्टरमधलं डिझेल आणलं. हाकेच्या अंतरावर शेड कोरडं आणि रिकामं होतं. तिकडं कुणी पाहिलं नाही. म्हणजे सगळ्यांनी पाहिलं, बोललं कुणी नाही.

घरी आल्यावर वहिनी रडली नाही. एवढंच म्हणाली, "त्यांचे पाय जळायचे ऱ्हायले होते, भावजी."

मी माझ्या परीनं पुढचं केलं. अर्ज केला. मला अर्जाची भाषा येते. वर्षभरानं उत्तर आलं की सदर शेड सर्व ग्रामस्थांसाठी असून कोणासही मनाई नाही. उत्तर खरं होतं. मनाई कुठंच लिहिलेली नव्हती, मग काढणार कुठून?

वहिनीनं जे केलं ते विहारात बसून केलं. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने वर्षावास असतो. रोज संध्याकाळी एक निवृत्त गुरुजी ग्रंथ वाचायचे, बायका-पुरुष ऐकायचे. वहिनी चौथी शिकलेली. ऐकताना ती वाती वळाव्यात तसं काहीतरी हातानं करत राहायची, मग एकदम प्रश्न विचारायची. गोवऱ्यांचं निघालं त्या दिवशी मी सुट्टीला गावी होतो, म्हणून मला आठवतं. ग्रंथातलं मैत्रीचं प्रकरण चाललं होतं.

"गुरुजी, मैत्री आपल्यापुरती का सगळ्यांसाठी?"

"सगळ्या प्राणिमात्रांसाठी."

"मग वरच्या आळीत मयत झाल्यावर आपण दारं लावून का बसतो?"

गुरुजींनी चष्मा काढला. वहिनी म्हणाली, गावात कुणाचीही मयत असो, आपल्या वाड्यातनं घरटी पाच गोवऱ्या द्यायच्या. आपल्यात देतोच, आता सगळ्यांना द्यायच्या.

एकच गलका झाला. सर्वांत जास्त मीच चिडलो. त्याला कारण होतं. माझे आजोबा दीक्षेच्या आधी गावाचं मयतीचं काम करत. सांगावा घेऊन उन्हातान्हात परगावी जायचं, सरणाची लाकडं फोडायची, बदल्यात मढ्यावरचं कापड. छप्पन साली दीक्षा घेऊन आले आणि त्यांनी कुऱ्हाड आढ्याला अडकवली. गावाला सांगितलं, आता हे काम बंद. त्यापायी वर्षभर त्यांना कुणी कामाला लावलं नाही. आमच्या घरात ही गोष्ट देवाच्या गोष्टीसारखी सांगतात.

मी म्हणालो, "वहिनी, आजोबांनी कुऱ्हाड ठेवली आणि तुम्ही टोपली उचलणार?"

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "आजोबांला बोलवायचे तवा ते जायचे. आपल्याला कुणी बोलवणार न्हाई, आपण जाऊ. ते कापड घ्यायचे. आपण सुतळी बी घ्यायची न्हाई. आन् टोपली बाहेर उतरवून यायचं न्हाई. शेडात जायचं, आपल्या हातानं ओट्यावर ठेवायच्या. देणारा मानूस दारात उभा ऱ्हात न्हाई."

"आन् अडवलं तर?" कुणीतरी विचारलं.

"अडवू द्या. गोवरी काय नासत न्हाई."

मला तेव्हा ते भाबडेपणाचं वाटलं. अर्जाचं उत्तर माझ्या खिशात होतं आणि तिच्याकडं नुसत्या गोवऱ्या.

पहिल्या मयतीला तिघी गेल्या, वहिनी, थोरली आत्या आणि आणखी एक. शेडात माणसं जमलेली. कुणी विचारलं, "तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई."

"मग?"

"मग काय? मयत हाय न्हवं?" वहिनी म्हणाली, ओट्याच्या कडेला गोवऱ्या ठेवल्या आणि निघाली. पाठीमागं त्या गोवऱ्या बाहेर फेकल्याचा आवाज तिला आला. तिनं मागं पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन वेचून आणल्या आणि पुढच्या मयतीला त्याच नेल्या. पुन्हा फेकल्या, पुन्हा वेचल्या. असं दोन वर्षं चाललं. थोरली आत्या म्हणायची, "ह्या गोवऱ्या माझ्यापेक्षा जास्त मयतीला जाऊन आल्या. ह्यांलाच आता पुन्न लागलं असंल."

वाड्यातले काही तरुण चिडून बोलायचे. इज्जत घालवायला लागलीय म्हणायचे. वहिनी माघ-फाल्गुनात गोवऱ्या थापत राहिली. विहाराच्या मागं पत्र्याची पडवी आहे, तिथं कोरड्या रचून वर कागद टाकायची. घरटी पाच म्हणताना काही घरं देत, काही विसरत. कमी पडलेल्या तिच्या.

मग आबांची आई गेली.

तीही झडीतच. चार दिवस सूर्य दिसला नव्हता. वरच्या आळीतल्या गोवऱ्या उकिरड्याच्या कडेला उघड्यावर रचलेल्या, सगळ्या भिजून लगदा झालेल्या. लाकूड ओलं. शेडाला पत्रे असून काय उपयोग, पेटवायला कोरडं तर पाहिजे. आबा स्वतः विहारापर्यंत आले. डोक्यावर युरियाची पिशवी, पायात चपला, उंबऱ्याच्या बाहेर उभे. हे मी पाहिलेलं नाही, पण इतक्या तोंडांनी ऐकलंय की पाहिल्यासारखं झालंय.

"कोरड्या गोवऱ्या हायत म्हणं तुमच्याकडं."

"हायत," वहिनी म्हणाली.

"काय भाव लावता?"

"मयतीचे पैसे आमी घेत न्हाई."

"मग काय पायजे?"

पाठीमागून गुरुजींनी खाकरून खूण केली. एकानं तर स्पष्टच म्हटलं, शेडाचं बोला, आत्ताच बोला. वहिनी म्हणाली, "काय बी न्हाई. आत या, पावसात का उभे? आमच्या बाया आणतेत आन् रचतेत."

सात-आठ बायांनी टोपल्यांवर कागद टाकून गोवऱ्या नेल्या. शेडातल्या ओट्यावर सरण त्यांनीच रचलं. रचताना थोरली आत्या मोठ्यांदा म्हणाली, "म्हतारीनं जितेपणी मला उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाई. बग आता, तुझं अंथरून मीच घालायलेय." हसावं की रागवावं कुणाला कळेना. म्हणे आबाच पहिल्यांदा हसले, आणि मग रडले.

तीन-चार महिन्यांनी आमच्या वाड्यातला एक म्हातारा गेला. बायांनी सरण शेडातच रचलं, कुणाला न विचारता. वरच्या आळीतली दोन-तीन पोरं आली आणि हे काय चाललंय म्हणाली. आबा आले. पोरांना म्हणाले, "माझ्या मायला त्यांच्या गोवऱ्या चालल्या. त्यांच्या मानसाला माझं शेड चालत न्हाई व्हय?"

वहिनी तिथंच होती. म्हणाली, "आबा, शेड तुमचं न्हाई. गावाचं हाय."

आबा म्हणाले, "चुकलं. गावाचं."

तेव्हापासून त्या शेडात सगळे जळतात. वरच्या आळीतूनही घरटी पाच गोवऱ्या येऊ लागल्या. सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. लग्नाच्या पंगती अजून जिथल्या तिथं आहेत. काही घरांत आजही आम्हाला चहा वेगळ्या कपात येतो आणि आम्ही तो ओळखतो. पण एक जागा झाली. माझ्या अर्जानं झाली नाही, म्हणून मला तिचा हिशेब कधी नीट लागला नाही. वहिनीला विचारलं तर म्हणायची, "तुमचा कागद बी लागतो भावजी. पण कागदाला जाळ लागत न्हाई पावसाळ्यात."

म्हणून तिला तिथंच जायचं होतं. नवरा जिथं गेला नाही तिथं.

पोळ्यानंतर तिचं दुखणं वाढलं. मी तिला परभणीला दवाखान्यात आणलं. बारा दिवस होती. गावाकडून रोज कुणी ना कुणी यायचं. आबा आले तेव्हा त्यांच्या सुनेनं बाजरीची भाकरी आणि कारळाची चटणी दिली होती. वहिनीला खाता येत नव्हतं. तिनं भाकरी हातात घेतली, वास घेतला आणि माझ्या बायकोला दिली.

सकाळी साडेसहाच्या सुमारास ती गेली. बाहेर रात्रीपासून पाऊस होता. पुतण्या पुण्याहून निघालेला होता, दहाला पोचला. दवाखान्याचे कागद होईतो अकरा वाजले. मी गाडी ठरवली. ड्रायव्हर म्हणाला, "त्या भागात पूल हाय ना? पाणी असंल तर मी मधी घालणार न्हाई." मी आबांना फोन लावला.

"पुलावर पाणी हाय बापू," ते म्हणाले. "कमरेइतकं."

"येलदरीची दारं उघडलीत म्हणे."

"बातमीत तर हाय तसं."

आमच्याकडच्या माणसाला एवढं पुरतं. येलदरी धरणातून पाणी सुटलं की पूर्णा फुगते, आणि नदी फुगली की आमच्या ओढ्याचं पाणी पुढं जाऊ शकत नाही, ते मागं चढतं. फुगवट्याचं पाणी पुलावर आलं की दोन दिवस, कधी तीन दिवस हलत नाही. मी मनात मांडणी केली. तीन दिवस शवागार. पुतण्याची रजा दोन दिवसांची. परभणीतले नातेवाईक जमलेले, त्यांना परत पाठवायचं, परत बोलवायचं. गाडी दोनदा. सगळ्या आकड्यांची बेरीज एकाच बाजूला जात होती.

आबा म्हणाले, "असं करा. गाडी चुडाव्याला आणा, स्टेशनपाशी. तिकडनं ओढा लागत न्हाई. तिथून आमी खांद्यावर आणतो."

"आबा, तो रस्ता कच्चा आहे. काळ्या मातीचा चिखल, गुडघाभर."

"चिखल काय आमाला नवा हाय? मानसं तयार हायत. तुमच्या वाड्यातली बी, आमच्यातली बी."

"एवढ्या लांब? म्हातारी माणसं घसरतील, कुणाला काही झालं तर..."

"न्हाई व्हत काही."

"नको आबा. लोकांना त्रास कशाला. इथंच उरकतो."

पलीकडून फक्त पत्र्यावरचा पाऊस ऐकू आला. कसल्या पत्र्यावरचा ते मला तेव्हा सुचलं नाही. मग आबा म्हणाले, "तुमची मर्जी."

मी फोन ठेवला तेव्हा बायको शेजारी उभी होती. म्हणाली, "त्यांनी पैसे दिले होते हो तुमच्याजवळ."

"पैशाचा प्रश्न नाही."

"मी पैशाचं बोललेच नाही."

पुतण्यानं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही म्हणाल तसं." तो दमलेला होता. मी त्याला विचारायला हवं होतं की तुला काय वाटतं. मी विचारलं असतं तरी त्यानं तेच उत्तर दिलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घालतो.

दुपारी तीनला शहरातल्या स्मशानभूमीत वहिनीला अग्नी दिला. त्रिसरण, पंचशील झालं. पंचवीसेक माणसं होती, बहुतेक माझ्या ओळखीची, तिच्या नव्हे. लाकडं पावतीवर मिळाली, कोरडी होती, चांगली पेटली. काहीच अडलं नाही. गावातल्या दोन्ही आळ्यांतलं एकही माणूस तिथं नव्हतं, कारण पुलावर पाणी होतं.

संध्याकाळी सहाला गावाकडून थोरल्या आत्याच्या नातवाचा फोन आला. त्यानं फोन आत्याला दिला.

"कुठवर आलात?"

मला कळेना. मी म्हणालो, "आत्या, इथंच केलं सगळं. आबांना सांगितलं होतं मी."

"त्यांनी सांगितलं. मला वाटलं पूल खुला झाला तर तुमी आणचाल. पानी तर चारलाच उतरलं."

ते फुगवट्याचं पाणी नव्हतंच, नदी तेवढी फुगलीच नव्हती. रात्रभराच्या पावसाचं, ओढ्याचं स्वतःचं पाणी होतं. ते जसं चढतं तसं उतरतं, पाच-सहा तासांत. नदीचं पाणी पुलावर उभं राहतं, ओढ्याचं वाहतं. हे आमच्या गावात लहान पोरालाही कळतं. मी फोनवर एकच विचारायला हवं होतं, आबा, पाणी वाहायलंय का उभं हाय? मी खोली विचारली. कमरेइतकं, हा आकडा मिळाला आणि मी पुढचं गणित मांडलं. आबांना वाटलं मी ठरवूनच बोलतोय, शहरात राहतो, घाई असेल. वहिनी असती तर तिनं पहिल्यांदा तेच विचारलं असतं.

पाचव्या दिवशी मी, बायको आणि पुतण्या राख घेऊन गावी गेलो. पुलावर काडी-कचरा अडकलेला होता, बाकी पूल कोरडा. थोरली आत्या विहाराच्या पायरीवर बसली होती. तिनं माझ्या हातातल्या मडक्याकडं पाहिलं.

"राख आणलीस व्हय? तिनं जागा मागितली होती, राख न्हाई."

तिनंच उठून मडकं हातात घेतलं, पदराखाली धरलं, आणि म्हणाली, "चल, तुला दावते."

ती मला शेडात घेऊन गेली. ओट्यावर सरण रचलेलं होतं. खाली बाभळीचे ओंडके, वर गोवऱ्या, चारी बाजूंनी नीट बांधत आणलेल्या. मधे माणूस ठेवायची जागा रिकामी. मी फोन केला त्याच्या आधीच, सकाळी बातमी कळल्या कळल्या लोकांनी आणून रचलं होतं. आबा माझ्याशी बोलत होते ते तिथंच उभे राहून. फोनमध्ये मी ऐकला तो पाऊस त्या शेडाच्या पत्र्यावरचा होता. सरण तयार आहे हे त्यांनी मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझ्यावर भीड पडली असती, असं त्यांना वाटलं असावं.

आत्या एकेक गोवरी दाखवायला लागली. बायकांना गोवरी बघून घर ओळखता येतं. "ही जाड, आबाच्या सुनेची, पाची बोटं उठलेत बग. ही चपटी, सुताराच्या घरची. ही म्हशीच्या शेणाची, गावात म्हशी तिघांकडंच हायत. ही माझी, फुटकी. ही, ती पोरं आली होती न्हवं आडवायला? त्यातल्या एकाच्या बायकोची." दोन घरं सोडून गावातल्या सगळ्या घरच्या होत्या. ती दोन घरंही आत्यानं सांगितली, पण ती मी लिहीत नाही.

"मोडलं का नाही मग?" मी विचारलं.

"मोडाय कुणाचा हात जाईना. आबा म्हनले, ऱ्हाऊ द्या."

राख विहाराच्या मागं पिंपळाच्या बुंध्याशी घातली. गुरुजींनी वंदना घेतली. आबा आले होते, खुर्ची दिली तरी उभेच राहिले. जाताना मला म्हणाले, "बापू, खांद्यासाठी आमच्यात भांडण लागलं होतं. पुढं कोण, मागं कोण." आणि कसनुसं हसले. मी पहिल्यांदाच हिशेब केला की वरच्या आळीतल्या माणसांनी आमच्यातल्या बाईला खांदा द्यायचा ती आमच्या गावातली पहिली वेळ ठरली असती. वहिनीनं सात वर्षं गोवऱ्या वाहिल्या त्याचं ते फळ होतं. ते तयार होतं, चिखलात उभं होतं, आणि मी त्याला त्रास म्हणालो.

यावर मला कुणी बोललेलं नाही. माझं चुकलं असंही कुणी म्हणत नाही. अशा पावसात कुणीही तेच केलं असतं, असं नातेवाईक म्हणतात. ते बरोबर असेल. पण कुणीही केलं असतं ते करायला वहिनीनं माझ्याकडं पैसे दिले नव्हते.

नोटा पाकिटाच्या आतल्या कप्प्यात तशाच होत्या. पुतण्याला देऊ केल्या, त्यानं घेतल्या नाहीत. विहाराला द्याव्यात तर ते काम वेगळं. त्या गाडीभाड्याच्या होत्या.

त्यानंतर नवव्या दिवशी दुपारी मला एक फोन आला. वरच्या आळीतला एक कोरडवाहू शेतकरी, भजनात मृदंग वाजवायचा, परभणीच्या दवाखान्यात वारला होता. त्याच्या मुलाकडं माझा नंबर आबांनी दिला होता. मी गेलो. मुलगा भिंतीला टेकून उभा होता. दवाखान्याचं बिल भरून त्याच्याकडं फारसं उरलं नव्हतं. मी गाडी ठरवली. ड्रायव्हर तोच निघाला.

"पुलावर पाणी?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. या वेळी मी तीन जणांना विचारून घेतलं होतं.

गाडीत मुलगा पुढं बसला, मी मागं, मयतापाशी. गावात पोचलो तेव्हा ऊन होतं. शेडात नवं सरण रचायची गरज पडली नाही. थोरल्या आत्यानं वरच्या दोन-चार सरकलेल्या गोवऱ्या नीट केल्या आणि बाजूला झाली. आबांनी तिच्याकडं पाहिलं, तिनं मान हलवली. मृदंगवाल्याला तिथं ठेवलं.

मुलगा मला म्हणाला, "काका, भाडं पुढच्या महिन्यात देतो."

"मयतीचे पैसे आम्ही घेत नाही," मी म्हणालो. वाक्य वहिनीचं होतं. माझ्या तोंडात ते बसलं नाही, पण दुसरं सुचलं नाही.

जाळ चांगला धरला. मी रस्त्यावर गाडीपाशी आलो. ठरलेलं भाडं साडेचार हजार, थांबल्याचे पाचशे. पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून दहा नोटा काढल्या, मोजल्या आणि ड्रायव्हरच्या हातात दिल्या. त्यानं पुन्हा मोजल्या. रक्कम पाच हजार. घेणारा गाडीचा ड्रायव्हर, देणारी माझी वहिनी.